एक्केचाळीस खंडांची गाडी

गल्लीच्या तोंडाशी बाइंडिंगचं दुकान आहे, त्याच्या मालकाला सगळे बाइंडरच म्हणतात. त्याचं खरं नाव पाटीवर होतं, पण पाटीचा अर्धा रंग उडाला तेव्हा कुणाचंच काही अडलं नाही, म्हणून त्यानेही ती पुन्हा रंगवून घेतली नाही. एवढा एक अपवाद सोडला तर अर्धवट राहिलेली वस्तू त्याला बघवत नसे. कुणाच्या सदऱ्याचं एक बटण तुटलेलं दिसलं तरी त्याचं बोलण्यातलं लक्ष उडायचं.

दुकानात आलेल्या प्रत्येक पुस्तकाची एक चिठ्ठी होई. चिठ्ठीवर तीन ओळी: कुणाचं, काय काम, कोणत्या तारखेला. तारीख एकदा लिहिली की लिहिली. तापाने फणफणलेला असताना त्याने शिकंज्यात दाबून ठेवलेली पुस्तकं काढून दिली होती, आणि स्वतःच्या मुलीच्या लग्नाच्या दिवशी सकाळी एका वकिलाला सहा जाड रजिस्टरं नेऊन पोचवली होती. काम हातात पडलं की गिऱ्हाइकाने चिठ्ठीच्या पाठीवर ‘मिळालं’ असं लिहून सही करायची, आणि मग ती चिठ्ठी छताच्या तारेला अडकवली जायची. अशा चिठ्ठ्यांच्या माळाच दुकानात लोंबत होत्या. सगळ्यात जुन्या चहाच्या रंगाच्या झाल्या होत्या. त्रेचाळीस वर्षांत एकही तारीख चुकली नव्हती. दुसरे दुकानदार वडिलांच्या फोटोखाली बसतात तसा बाइंडर या माळांखाली बसायचा.

त्याची कामाची पद्धतही ठरलेली होती. गिऱ्हाईक म्हणायचं, “फक्त पाठ निघालीय हो, जरा चिकटवून द्या.” दाताला लवंग लावून भागेल का, असं विचारणाऱ्या पेशंटकडे दातांचा डॉक्टर जसा बघेल, तसा बाइंडर त्याच्याकडे बघायचा. चिकटवून देणं त्याच्या धर्मात बसत नव्हतं. पुस्तक आलं की ते आधी पुरतं उघडायचं. पुठ्ठे वेगळे, दोरा वेगळा, जुजा, म्हणजे एकत्र शिवलेल्या पानांच्या घड्या, वेगळ्या, प्रत्येक पान सुटं करून, पुसून, त्यावर बारीक पेन्सिलीने आकडा टाकून रचून ठेवायचं. मग पहिल्यापासून शिवायचं. सुटं केलं आणि त्याचं पुन्हा पुस्तक झालं नाही, असं एकदाही घडलं नव्हतं. ही गोष्ट त्याच्या डोक्यात पक्की बसली होती, आणि पुढचं सगळं रामायण तिच्यामुळेच झालं.

अक्का त्याची थोरली बहीण, आठ वर्षांनी मोठी. ती नर्स होती आणि घरोघर जाऊन बाळंतपणं करायची. तीस वर्षं तिने हे काम एका फिकट हिरव्या, पाठीला गोल, डोळे बाहेर आलेल्या गाडीतून केलं. गाडी आधी एका डॉक्टरची होती, त्याच्याआधी कुणाची होती ते गाडीलाच ठाऊक. तिचा हॉर्न असा होता की एकदा ऐकला की विसरायची सोय नाही: म्हातारं बदक खोकल्यासारखा. तो गल्लीत वाजला की बायका खिडकीतून डोकं काढून विचारायच्या, “कुणाकडे?” आणि ज्यांच्याकडे असेल त्यांनी पाणी तापत ठेवलेलं असायचं. निम्मी वस्ती त्या हॉर्नच्या पाठोपाठ जगात आली होती.

अक्का निवृत्त झाली तरी गाडी होती. सत्तरीला पोचल्यावर एका सकाळी तिने ती दुकानासमोर आणून लावली आणि काच खाली करून म्हणाली, “अरे, माझ्या बाजूचं दार नीट लागत नाही बघ. वळणावर उघडतं. आणि हॉर्न वाजत नाही. तेवढं बघशील?”

“आणि चालते कशी?”

“चालतेय की छान. चालण्याचं मी काही म्हणतच नाहीये.”

“ठेवून जा. पंधरा दिवसांत देतो.”

चिठ्ठी केली नाही. सख्ख्या बहिणीला कसली चिठ्ठी? घरचं काम.

वळणावर मिस्त्रीचं गॅरेज आहे. गाडी मागच्या शेडमध्ये जाताना त्याने पाहिली आणि कापडाला हात पुसत तो आला. “बाइंडर, काही उघडू नका. आहे तशी माझ्याकडे आणा. दार आणि हॉर्नच ना? दुपारच्या जेवणाला अक्का गाडी घेऊन घरी.”

बाइंडरला हे बोलणं फार हलकं वाटलं. दुपारपर्यंत होणारं काम म्हणजे चिकटवून दिलेली पाठ.

त्याने दाराच्या आतलं अस्तर काढलं. खटका कुठे अडतोय ते दिसलंही; पण दाराच्या तळाशी गंजही दिसला. आता पुस्तकात एका पानावर कसर दिसली, तो चंदेरी कागदखाऊ किडा, तर बाइंडर त्या एका पानावर कधी थांबत नसे. त्याने दुसरं दार उघडलं. तिथेही गंज. मग पायाखालची चटई, चटईखालचा पत्रा, पत्र्याच्या आड येणाऱ्या सीटा, सीटांच्या आड येणारा गिअरचा दांडा. पंधराव्या दिवशी अक्का आली तेव्हा दार नीट न लागण्याचा प्रश्न उरलाच नव्हता. दारच उरलं नव्हतं.

“हे काय रे?”

“आता धरलंच आहे हातात, तर नीटच करतो.”

अक्काने त्याच्या पाठीवर थाप मारली. आयुष्यभर घाबरलेल्या नवऱ्यांना धीर देऊन तिला सवय झाली होती.

ते पहिलं वर्ष बाइंडरच्या आयुष्यातलं सगळ्यात सुखाचं वर्ष असावं. पाचला दुकान बंद केलं की तो शेडमध्ये. रोज काहीतरी निघायचं, रोज काम पुढे गेल्याचं दिसायचं. अडलेला बोल्ट दोन दिवस तेल पाजून तिसऱ्या दिवशी सुटला की तो आत येऊन बायकोला सांगायचा. बायको एकदा सहज म्हणाली, “अहो, उघडायलाच एवढी मजा येते, तर लावायला किती येईल!” हे वाक्य आपण उगाच बोललो, असं तिला पुढे आठ वर्षं वाटत राहिलं.

वर्षअखेर गाडीचा नुसता सांगाडा लाकडी ठोकळ्यांवर उरला आणि शेडमध्ये अकराशे सुट्या वस्तू झाल्या. प्रत्येकीला क्रमांक होता. पुठ्ठ्याचा अंगठ्याएवढा तुकडा, त्यावर कागदाची चिकटी, चिकटीवर आकडा, आणि तो तुकडा मेण लावलेल्या दोऱ्याने त्या वस्तूला बांधलेला. बाजारातली चिकटपट्टी बाइंडर वापरत नसे, ती वर्षात सुटते. चिकट्या त्याने स्वतः शिजवलेल्या पिठाच्या खळीने लावल्या. पुस्तकांच्या खळीत तो चिमूटभर मोरचूद टाकायचा, कसर लागू नये म्हणून. या खळीत टाकला नाही. मोरचूद लोखंडाला लागला तर तांब्याचा डाग पडतो, हे त्याने कुठेतरी वाचलं होतं, आणि लोखंड कोण खातंय? एवढं वाचलं नसतं तर गाडी वाचली असती.

शिवाय एक वही होती. क्रमांक सहाशे बारा: क्लचच्या झाकणाचा वरून दुसरा बोल्ट. क्रमांक सहाशे तेरा: त्याचा वॉशर. असं अकराशेपर्यंत, वळणदार अक्षरात. वही चामड्याच्या बांधणीची होती.

दुसऱ्या वर्षी प्रश्न आला, हे सगळं ठेवायचं कशात? दुसरा कुणी असता तर त्याने बिस्किटांचे डबे गोळा केले असते. बाइंडरने पेट्या बनवल्या. जाड पुठ्ठ्याच्या, कापडी अंगाच्या, पुस्तकासारखी गोल पाठ असलेल्या, झाकण असं घट्ट की बंद करताना आतली हवा सुस्कारा टाके. पाठीवर सोनेरी अक्षरं: खंड पहिला, पुढचा आस. खंड दुसरा, मागचा आस. खंड सातवा, दारे. याला दोन वर्षं लागली आणि एक्केचाळीस खंड झाले. शेडच्या भिंतीला फळ्या मारून ते ओळीने लावले तेव्हा बाइंडर दाराशी उभा राहून बराच वेळ बघत होता. त्याला काम संपल्यासारखंच वाटलं.

“गाडीची ग्रंथावली झाली म्हणायची,” बायको म्हणाली. “सगळे खंड आहेत. फक्त बसून जाता येत नाही.”

“हा पाया आहे. पाया झाला की वरचं काय, भराभर होतं.”

भराभर काहीच झालं नाही. पण काही होत नव्हतं असंही कुणी म्हणू शकलं नसतं. चौथ्या वर्षी सीटा झाल्या. चामडं म्हणजे बाइंडरच्या हातचा मळ. कडेने सोनेरी रेघ, कोपऱ्यांवर छोटी फुलं. त्या सीटेवर बसण्यापेक्षा ती कपाटात ठेवावी असं कुणालाही वाटलं असतं, आणि तिथेच ती ठेवली गेली. पाचव्या वर्षी रंग. मूळ हिरवा नेमका कोणता, यासाठी त्याने बांधणीच्या कापडाचे अकरा नमुने दारावर लावून सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी बघितले. तीन वेळेला तीन वेगळे नमुने जुळत होते. त्यावर अजून विचार चालू होता. मधल्या काळात काच वरखाली करायची मुठीची दांडी मिळत नव्हती. कुणी विचारलं, गाडी कुठवर आली, की बाइंडर म्हणायचा, “एका दांडीसाठी अडलंय.” ऐकणाऱ्यालाही बरं वाटायचं, एक दांडी म्हणजे आता झालीच की!

सहाव्या वर्षी वाचनालयाने त्याचं व्याख्यान ठेवलं: जुन्या वाहनांना नवं आयुष्य कसं द्यावं. त्याने ते फार सुंदर दिलं. वही दाखवली, खंड चौदावा नेऊन दाखवला. घाई करू नये, असं तीन वेळा सांगितलं. श्रोत्यांत दोघे असे होते की ज्यांच्या घरी जुनी वाहनं धूळ खात पडली होती. त्यांना स्फूर्ती आली. वर्षभरात दोघांचीही वाहनं रस्त्यावर आली, आणि दोघेही, वेगवेगळ्या दिवशी, ती चालवत आभार मानायला दुकानासमोर आले. एकाने तर जाताना हॉर्नही वाजवला.

अक्का पहिल्या वर्षी दर महिन्याला विचारायची. मग सहा महिन्यांनी. मग एकदा बसमधून उतरून, धापा टाकत दुकानात आली, अर्धा तास बसली, चहा प्यायली आणि गाडीचं नावही न काढता गेली. विचारलं नाही, हेच बाइंडरला लागलं. त्या दिवशी त्याने एका शब्दकोशाची जुज उलटी शिवली आणि पुन्हा उसवली.

सातव्या वर्षी सांगाड्यात मांजर व्यायली. मागच्या सीटेच्या जागी चार पिल्लं. अक्का मुद्दाम बघायला आली, वाकून आत डोकावली आणि म्हणाली, “या गाडीने अजून बाळंतपणं सोडली नाहीत म्हणायची. इथे काम करणारं कुणीतरी आहे तर.”

आणि नवव्या वर्षी, एका दुपारी, अक्का दुकानात आली ती सरळ गिऱ्हाइकांच्या बाकावर बसली.

“डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले होते,” ती म्हणाली. “लायसन संपतंय. पुढच्या महिन्याच्या शेवटी. तो म्हणाला, तोवर चालवा, हरकत नाही. पुढे मी सही करणार नाही.”

“ऑपरेशन वगैरे?”

“जे व्हायचं ते झालंय. हा पडद्याचा प्रकार आहे. कडेचं दिसत नाही.” तिने पर्समधून लायसन काढून बाकावर ठेवलं, जसं काही ते इथे बांधणीलाच आणलंय. “मला एकदा चालवायचीय. लांब नाही. नदीच्या पुलापर्यंत जायचं आणि परत यायचं. पुढच्या महिन्याच्या शेवटी मी एकोणऐंशीची असेन आणि नुसती म्हातारी असेन. आत्ता मी गाडी चालवणारी म्हातारी आहे. कळतोय का फरक?”

बाइंडरला कळत होता. तो म्हणाला, “होईल अक्का. नक्की.”

“नक्की नको. चिठ्ठी दे.”

“तुला कसली चिठ्ठी?”

“नऊ वर्षांपूर्वी मी पण हेच म्हटलं. चूक झाली. लिही.”

बाइंडरने चिठ्ठ्यांचं पुस्तक ओढलं. कुणाचं: अक्काचं. काय काम?

“तू काय लिहितोस रोज? गिऱ्हाईक सांगेल तेच ना? मग मी सांगितलं होतं तेच लिही. दार नीट लागत नाही. हॉर्न वाजत नाही.”

त्याने लिहिलं. तारीख घातली: लायसन संपायच्या आदल्या दिवसाची. सहा आठवडे होते. अक्काने चिठ्ठीची घडी करून लायसनच्या आत ठेवली. तिच्यामागे बायको आतल्या दारात उभी राहून सगळं ऐकत होती. अक्का गेल्यावर ती म्हणाली, “वन्संनी बरोबर जागी दाभण घातलंय.”

दुसऱ्या दिवशी बाइंडरने दुकानाला कुलूप लावलं, जे त्याने मुलीच्या लग्नातही लावलं नव्हतं, आणि खंड पहिला खाली काढला. झाकण उघडलं तेव्हा पेटीने तोच जुना सुस्कारा टाकला. आत सगळं जागच्या जागी होतं. तेल लावलेलं, पातळ कागदात गुंडाळलेलं, एकाही बोल्टाला गंज नाही. प्रत्येकाला मेणाचा दोरा, दोऱ्याला पुठ्ठ्याचा तुकडा. आणि तुकडा कोरा.

त्याने दुसरा तुकडा पाहिला. कोरा. तिसऱ्यावर कागदाची एक किनार उरली होती आणि त्यावर सात किंवा एक असावा असा आकडा. पेटीच्या तळाशी बारीक भुगा, आणि त्या भुग्यातून चंदेरी रंगाचं काहीतरी सळसळत कोपऱ्यात गेलं.

त्याने एक्केचाळीसही खंड उघडले. कसरीने कुणावर अन्याय केला नव्हता. चिकट्या खाल्ल्या, खळ खाल्ली; पुठ्ठा कडक होता म्हणून टाकला. पेट्या इतक्या घट्ट होत्या की बाहेरून काही आत गेलं नसतं. अर्थात बाइंडरने झाकण लावलं तेव्हा जे आत होतं, त्याला इतकी वर्षं कुणी त्रासही दिला नाही. चामड्याच्या वहीत क्रमांक सहाशे बारा म्हणजे काय ते वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं. फक्त सहाशे बारा कोणता, ते आता त्या बोल्टालाही माहीत नव्हतं.

बाइंडर शेडमधल्या पिंपावर बसून राहिला. ज्या किड्याशी तो त्रेचाळीस वर्षं लढला होता, त्याला त्याने स्वतःच्या हाताने, सोनेरी अक्षरांच्या पेटीत बसवून जेवू घातलं होतं. बायकोने चहा आणून ठेवला, पेट्यांत डोकावून पाहिलं, आणि नेहमी तयार असलेलं तिचं वाक्य या वेळी तोंडातच ठेवलं. त्यामुळे प्रकरण किती गंभीर आहे ते त्याला कळलं.

मिस्त्रीला बोलवावंच लागलं. तो आला, फळ्यांसमोरून एक चक्कर मारली, पाठीवरची अक्षरं मोठ्याने वाचली. मग खंड अकरावा उघडून आत बघितलं आणि हलकेच बंद केला, जणू आत कुणी झोपलंय.

“किती दिवस?” बाइंडरने विचारलं.

“याच जातीची दुसरी धड गाडी मिळाली, शेजारी उभी केली आणि बघून बघून लावलं, तर एक वर्ष. पण धड गाडी मिळाली तर तीच अक्कांना का देऊ नये?”

“थट्टा करू नका मिस्त्री.”

“थट्टा नाही हो.” मिस्त्री दुसऱ्या पिंपावर बसला. “तुम्हाला वाटतं तुम्ही एकटेच. या भागात ताडपत्रीखाली झाकलेल्या सात गाड्या मला माहीत आहेत. सातही मालक एकच सांगतात: एक पार्ट मिळत नाहीये, मिळाला की सुरू करतो.”

“नसेल मिळत.”

“तिघांना मी मिळवून दिला. तिघांनी माझा फोन उचलायचं बंद केलं.”

“का?”

“पार्ट आला की काम करावं लागतं ना!”

बाइंडरची नजर खंड अडतीसकडे गेली. काचेची ती दांडी चौथ्या वर्षीच आली होती. पार्सल न फोडता त्याने खंड अडतीसमध्ये ठेवली होती; आणि त्यानंतरही, कुणी विचारलं की, एका दांडीसाठी अडलंय, असंच तो सांगत आला होता. खोटं बोलतोय असं त्याला कधी वाटलं नाही. दांडी आली होती, पण अडलेलं सुटलं नव्हतं, म्हणजे त्या अर्थी ते खरंच होतं.

“सहा आठवड्यांत काय होईल?” त्याने विचारलं.

“चिठ्ठीवर काय लिहिलंय?”

“दार. हॉर्न.”

“मग ते होईल की,” मिस्त्री म्हणाला. “ते तर तेव्हाही दुपारपर्यंतच होतं.”

हे ऐकून बाइंडरला आधी हायसं वाटलं, कारण तारीख चुकणार नव्हती. मग हायसं वाटल्याची लाज वाटली. त्या लाजेपोटी तो संध्याकाळी अक्काकडे गेला.

अक्का खिडकीशी बसून बूट पुसत होती. सपाट टाचेचे, पुढून झिजलेले. गाडी चालवायचे म्हणून वेगळे ठेवलेले ते बूट त्याने कैक वर्षांत पाहिले नव्हते.

“अक्का,” तो म्हणाला, “चिठ्ठीवरचं काम तारखेला होईल.”

अक्काचा हात थांबला. “चिठ्ठीवरचं?”

“चिठ्ठीवरचं.”

तिने त्याच्याकडे बघितलं. अशी बातमी आडवळणाने कशी सांगतात ते तिला ठाऊक होतं. दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसांना तिने स्वतः किती वेळा सांगितली होती. मग तिने दुसरा बूट उचलला आणि तोही पहिल्याइतकाच नीट पुसला.

“बरं,” ती म्हणाली. “तारखेला येते.”

पुढचे सहा आठवडे बाइंडरने जे काम केलं ते त्याच्या पद्धतीत बसणारं नव्हतं. मिस्त्री शेजारी उभा राहून त्याला पद्धत मोडायला लावायचा. खंड सातव्यातले स्क्रू टेबलावर ओतले आणि ज्याला जो बसेल तो बसवला. बसला नाही तर मिस्त्री खिशातून दुसराच काढून द्यायचा. “हा या गाडीचा नाही,” बाइंडर कळवळून म्हणायचा. “आता झाला,” मिस्त्री म्हणायचा. बिजागऱ्या लागल्या. खटका तीन वेळा घासला. काच बसली, आणि खंड अडतीसमधून ती दांडी निघून, पाच वर्षांनी पार्सलातून बाहेर येऊन, दारावर चढली. सांगाड्यात एकच सीट बोल्टांनी आवळली, सोनेरी रेघेची. स्टिअरिंग त्याच्या दांड्यावर बसलं, पण तो दांडा खाली कशालाच जोडलेला नव्हता. हॉर्नला बॅटरीपासून एक वायर ओढली. दार सोडून सगळी गाडी गंजरोधक लाल रंगात होती. दाराला बाइंडरने शेवटी दुपारचा हिरवा दिला.

ठरल्या दिवशी दहा वाजता अक्का आली. पायांत ते बूट होते. शेडची दोन्ही दारं मागच्या गल्लीकडे उघडी टाकली होती आणि ठोकळ्यांवर चढायला बाइंडरने जुन्या रजिस्टरांची पायरी केली होती. मिस्त्री आणि बायको भिंतीला टेकून उभे होते, एक्केचाळीस खंडांच्या पुढे, एखाद्या समारंभाला आल्यासारखे.

अक्का चढली, सीटेवर बसली, हात फिरवला. “अगं बाई, यावर बसायचं?” म्हणाली. मग दार ओढलं.

दार लागलं. असं लागलं की शेडमधल्या सगळ्यांनी ते ऐकलं: जाड पुस्तक एका हाताने मिटावं तसा आवाज. तिने पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. तिसऱ्यांदाही. मग दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि सवयीने वर आरशाकडे बघितलं. आरसा खंड तेविसाव्यात होता. तरी तिने तिथे थोडा वेळ बघितलं.

“छान लागतंय,” ती म्हणाली. “माझीच चूक रे. तेव्हा गाडी चालत होती, म्हणून तेही सांगायचं असतं हे सुचलं नाही.”

बाइंडरने मान खाली घातली. कारागिरांना गिऱ्हाइकाने शिव्या दिलेल्या चालतात, हे असलं चालत नाही.

अक्काने हॉर्न दाबला.

म्हातारं बदक नऊ वर्षांनी खोकलं. आवाज शेडमधून निघून गल्लीत गेला, भिंतींवर आपटत टोकापर्यंत पोचला. समोरच्या दुसऱ्या मजल्यावरची खिडकी उघडली आणि एका पांढऱ्या केसांच्या बाईने डोकं बाहेर काढलं. आपण काय विचारतोय ते कळायच्या आत ती विचारून बसली, “कुणाकडे?”

“माझ्या भावाकडे!” अक्का ओरडली. “नऊ वर्षं अडलंय!”

मिस्त्री इतका हसला की त्याला भिंत धरावी लागली. बायकोने पदर तोंडाला लावला. बाइंडरलाही हसू आलं, आणि ते कुठून आलं याचं आश्चर्य वाटलं.

अक्काने पर्समधून लायसन काढलं, त्यातून चिठ्ठी काढली, ती उलटी केली आणि स्टिअरिंगवर धरून लिहिलं: मिळालं. खाली सही. ती चिठ्ठी तिने काचेच्या फटीतून बाहेर दिली. लायसन मात्र परत पर्समध्ये ठेवलं नाही. समोर, जिथे कधीकाळी घड्याळं आणि काटे होते त्या भोकात, उभं करून ठेवलं. अजून एक दिवस ते चालणार होतं.

बाइंडरने चिठ्ठी दोनदा वाचली. त्रेचाळीस वर्षांत एकही तारीख चुकली नव्हती, आणि आजही चुकली नाही. संध्याकाळी ती तारेला लागेल, हजारो चिठ्ठ्यांत एक. बघणाऱ्याला कधी कळणारही नाही. हे त्याला बरं वाटायला हवं होतं. तो तिथेच घुटमळला. काहीतरी राहिलंय असं वाटत होतं, आणि काय राहिलंय ते भिंतभर ओळीने मांडलेलं असताना त्याचं लक्ष भलतीकडेच गेलं.

“अक्का,” तो म्हणाला, “हॉर्नचा आवाज जरासा चिरका येतोय का गं? पूर्वी असा नव्हता.”

अक्काने मान वळवून बघितलं. त्याच्या उजव्या हातात पेचकस होता. तो हातात कधी आला ते त्यालाही माहीत नसावं.

“दोन मिनिटांचं काम आहे. नुसतं वरचं झाकण उघडून बघतो.”

अक्काने काचेची दांडी धरली आणि काच फिरवत फिरवत पार वरपर्यंत नेली. मग आतून दाराचा खटका लावला.

बाइंडरने बाहेरून दार ओढून पाहिलं. मग जरा जोर लावून पाहिलं. काम चोख झालं होतं. काही केल्या ते उघडेना. आत अक्का दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून, समोरच्या उघड्या गल्लीकडे बघत, पुन्हा पुन्हा हॉर्न वाजवत होती.